आज्ञेआधीचा पाऊस

२२ मे, जळगाव

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो. दाणाबाजारात कुत्रंही दिसत नव्हतं. तुरीच्या पोत्याला हात लावला तर पोतंही तापलेलं. अशा उन्हात कोणी समुद्राची गोष्ट काढली तर माणूस हो म्हणणारच, म्हणून रोनकने बरोबर दुपारीच विषय काढला असावा. माझाच मुलगा. वेळ साधणं त्याला कळतं.

अंदमान. मी आणि राजकुंवर, दोघंच. तिकिटंही काढून ठेवलीत.

कारण कोणी उघड बोलत नाही, पण घरात सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीनंतर राजकुंवरने सांगितलं की तिला दीक्षा घ्यायची आहे. घर सोडून साध्वी व्हायचं आहे. जैन स्थानकातल्या साध्वी, महासतीजी, म्हणाल्या, आधी घरच्यांची आज्ञा आण, नवऱ्याची सगळ्यात आधी. तिने मला एकदा विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

सून हर्षिता म्हणते, "पप्पा, मम्मींनी सावद्याचं माहेर आणि जळगावचं सासर, एवढंच जग बघितलंय. थोडी दुनिया दाखवा. मन बदलेल."

मला पटलं. न बघितलेल्या मालाचा भाव माणसाला कसा कळणार?

ही डायरी एका डाळमिलवाल्याने नव्या वर्षाला दिलेली. कोरीच पडली होती. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच येतं. बघू किती दिवस लिहितो.

२५ मे, पोर्ट ब्लेअर

गावाचं नाव सरकारने बदललंय, पण ड्रायव्हर जुनंच घेतो.

विमान ढगातून खाली आलं आणि खिडकीवर पाणी आडवं धावायला लागलं. मला वाटलं विमान धुतायत. बाहेर आलो तर सगळीकडे पाऊस. आज पंचवीस मे. जळगावात लोक ओले पंचे डोक्यावर घेऊन फिरतायत आणि इथे गटारं वाहतायत. ड्रायव्हर म्हणाला, "बारिश तो इसी हफ्ते लगी है साहब. अब चलेगी."

रोनकला फोन लावला. त्याने तिथल्या तिथे हवामान बघितलं. मग म्हणाला, "तरीच सगळीकडे लगेच बुकिंग मिळालं."

राजकुंवर गाडीच्या काचेला कपाळ टेकवून बाहेर बघत होती. तिला म्हटलं, "फजिती झाली गं." ती म्हणाली, "किती हिरवं आहे हो. एवढा हिरवा रंग मी साडीतसुद्धा बघितला नव्हता."

२६ मे, हॅवलॉक बेट

जहाजात मला दोनदा उलटी झाली. तिला काही नाही.

लाकडाची खोली, वर पत्रा, पुढे पडवी. पडवीच्या पुढे महुआची मोठमोठी झाडं. इथे महुआच म्हणतात, पण आपल्या सातपुड्यातला मोह तो हा नाही. झाडांच्या मागे समुद्र. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही, दोन्हींचा रंग एकच, राखेत दूध सांडल्यासारखा.

रोनकने ठरवून दिलेलं सगळं बंद आहे. काचेच्या तळाची बोट बंद, पाण्याखाली मासे बघायला नेतात ते बंद. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "सर, अभी समुंदर बंद है."

समुद्र बंद म्हणजे काय? त्याला शटर असतं का?

जेवणाची पंचाईत होईल वाटलं होतं, पण आचारी भला आहे. कांदा, लसूण, बटाटा काही नको म्हटल्यावर वरणभात आणि भोपळ्याची भाजी करून दिली. इथे साडेपाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे पाचलाच जेवायला बसलो. सूर्य दिसतो कुठे? राजकुंवर आभाळाकडे बघून अंदाज घेत होती आणि भराभर घास गिळत होती. डाळ जुनी होती. बोटात धरल्यावरच कळलं.

मग दोघं पडवीत बसलो. पत्र्यावर पाऊस पडत होता, वर कोणी मुगाचं पोतं उपडं केल्यासारखा, न संपणारं पोतं. बोलायला काही नव्हतं. कंटाळाही आला नाही, याचं नवल वाटलं.

२७ मे

आज जे झालं ते लिहून ठेवतो, कारण रोनकला फोनवर सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

राजकुंवर नळाचं पाणी गाळल्याशिवाय हात धूत नाही. पावसाचं पाणी कच्चं पाणी, त्यात जीव असतात. जळगावात पाऊस सुरू झाला की ती स्थानकात जाणंसुद्धा थांबवते. आज सकाळचं सामायिक, तिचं घडीभराचं ध्यान, झाल्यावर पडवीत आली, चपला काढल्या आणि पायऱ्या उतरून सरळ पावसात गेली. मी छत्री घेऊन मागे धावलो.

"अगं, काय हे? तू? कच्च्या पाण्यात?"

"प्रायश्चित्त घेईन मी. आज राहू द्या."

तोंड वर करून उभी होती. डोळे मिटलेले. पदर भिजून अंगाला चिकटलेला, केस कपाळावर आलेले. अशी मी तिला कधी बघितली नव्हती. लग्नातही तोंडावर घुंघट होता. ओठ हलत होते. पाणी पीत होती की काही म्हणत होती, कळलं नाही.

मी छत्री तिच्या डोक्यावर धरली. तिने ती हाताने हळूच बाजूला केली.

रोनकला म्हटलं, फरक पडतोय. तो म्हणाला, "पप्पा, अजून दोन दिवस वाढवू का?" मी म्हटलं, वाढव.

२८ मे

दुपारी झोप लागली. जाग आली तेव्हा सकाळ आहे की संध्याकाळ, काहीच कळेना. उजेड दिवसभर एकसारखाच असतो. खोलीत ओल्या लाकडाचा वास. राजकुंवर खिडकीत बसून गुणगुणत होती, तिच्या लहानपणचं काहीतरी, सावद्याच्या बायका केळीच्या बागेत म्हणायच्या ते. विचारलं तर म्हणाली, "मलाच माहीत नव्हतं अजून आठवतं म्हणून."

संध्याकाळी शेजारच्या खोलीतून ओळखीची अहिराणी बोली ऐकू आली आणि मी दचकलो. खानदेशातलीच माणसं! नरडाण्याजवळचे लोटन आबा पाटील आणि त्यांची यशोदाबाई. त्यांचा मुलगा पोर्ट ब्लेअरला नौदलात आहे. त्याने दोन दिवस आईबापाला बेट बघायला पाठवलं आणि मागून जहाजं बंद झाली.

यशोदाबाई पडवीत उभ्या राहून समुद्राला नावं ठेवत होत्या. "बठ्ठं पानीच पानी शे हो भाऊ! यामाईन दोन ढग आमना शिंदखेडाले धाडा ना कोनी तरी. आठे कोनले पाहिजे हाऊ पाऊस?"

लोटन आबा शांत माणूस. दिवसभर एकाच खुर्चीत बसून लाटांकडे बघतात. मी विचारलं, काय बघताय आबा? म्हणाले, "काही नही. हाई पानी थकस का तेच देखी ऱ्हायनू."

२९ मे

आज समुद्र आत गेला. म्हणजे ओहोटी, पण इथली ओहोटी वेगळीच. पाणी इतकं मागे सरतं की मैदानच उघडं पडतं. पाऊस बारीक होता. राजकुंवर म्हणाली, चला.

वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी होती, रांगोळी काढावी तशी. वाटाण्याएवढे खेकडे बिळातून वाळू काढतात आणि तिच्या गोळ्या करून मांडतात. राजकुंवर नक्षी चुकवून पाय टाकत होती. मग मीही तसंच चालायला लागलो. दोघं म्हातारी माणसं एका पायावर तोल सावरत, कोणी बघितलं असतं तर हसलं असतं. आम्हीच हसलो. मी तर इतका हसलो की छत्री उलटी झाली. मग ती मिटूनच टाकली.

पाण्यापर्यंत पोचलो. पाणी कोमट होतं, न्हाणीत विसण घातलेल्या पाण्यासारखं. गुडघ्याएवढ्या पाण्यात तिने माझा हात धरला. तिने धरला, मी नाही. लोटन आबा आणि यशोदाबाई किनाऱ्यावरून बघत होते तरी सोडला नाही. आमच्या घराण्यात चारचौघांत बायकोचा हात धरत नाहीत. हात ओला होता आणि घट्ट होता. किती वेळ उभे होतो देव जाणे. पाऊस समुद्रात पडताना आवाज होत नाही, नुसते ठिपके उठतात आणि विरतात.

साध्वीला पुरुषाचा स्पर्श चालत नाही, सख्ख्या मुलाचाही नाही. ती एवढी घट्ट हात धरते म्हणजे तिचं मन फिरलं, असाच अर्थ मी लावला. दुसरा काय अर्थ लागतो?

परत येताना ती म्हणाली, "हात किती खरबरीत झालाय हो तुमचा." मग माझा तळहात उलटून बघितला आणि बराच वेळ बघत राहिली.

३१ मे

जहाज आजही नाही.

दुपारी दोघी बायका पडवीत बसून आचाऱ्याचे तांदूळ निवडत होत्या. मी आत आडवा पडलो होतो, पण जागा होतो. राजकुंवरने दीक्षेचं यशोदाबाईंना सांगितलं असावं. यशोदाबाई विचारत होत्या, "तुले घरमा काही तरास शे का बहीन? सून वंगाळ शे?"

"नाही हो. सून लेकीसारखी आहे."

"आन नवरा?"

राजकुंवर हसली. "पोट भरलं की माणूस ताटावरून उठतो ना, यशोदाबाई? ताट वाईट होतं म्हणून उठतो का?"

 जरा वेळाने राजकुंवर उठून गेली, तशा यशोदाबाई दारात आल्या. मी झोपेचं सोंग घेतलंय हे त्यांना कळलं होतं.

"भाऊ, तुम्हीन तिले कधी ‘ऱ्हाय’ आसं सांगं का?"

मी म्हटलं, "अहो, म्हणून तर इथे आणलं."

"मंग हाई आंदमान सांगी ऱ्हायनं का तिले?"

मला राग आला. ओळख ना पाळख. पण मग विचार केला की खरंच, मी म्हणालो नाही. रोनक बोलला, हर्षिता बोलली, सावद्याहून तिचे भाऊ येऊन बोलले. मी बेट दाखवलं, समुद्र दाखवला, पण तोंड उघडलं नाही.

जेवणानंतर ती पडवीत ओले कपडे पसरत होती. मी जाऊन उभा राहिलो. शब्द जुळवले होते ते सगळे विसरलो.

म्हटलं, "राज, जाऊ नकोस. राहा."

तिने हातातला टॉवेल खाली केला. "हे तुम्ही म्हणताय, की रोनकने सांगितलंय?"

"मी म्हणतोय."

"मग राहीन."

एवढंच. मग टॉवेल झटकून दोरीवर टाकला, चिमटा लावला.

१ जून

राहीन म्हणाली. राहीन. इथे लिहून बघितलं, खरं वाटावं म्हणून.

रोनक फोनवर ओरडलाच. मागे हर्षिताचा आवाज, नात विधीच्या उड्या. मॅनेजरला सांगून सगळ्यांना शिरा खाऊ घातला. लोटन आबांनी दोनदा घेतला.

दिवस शांत गेला. मी म्हटलं, ओहोटी आहे, जाऊ या? म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी बॅगा आवरते." माझी प्रेशरची गोळी काढून समोर ठेवली. दुकानात तूर किती शिल्लक आहे ते विचारलं. पावसाचा जोर वाढला तशी उठून खिडकी लावून घेतली, गादी भिजेल म्हणून.

घरी आल्यासारखं वाटलं. माझी राजकुंवर मला परत मिळाली.

२ जून

सकाळी म्हटलं, "पाऊस लागलाय. येतेस ना?"

"नको. तुम्हाला सर्दी होईल."

रुसली असती तर मनवली असती. रुसलेली नाही. बोलते, हसते, वेळेवर पाणी देते. घरी वर्षानुवर्षं होती तशीच आहे, काडीचाही फरक नाही. मग माझ्या जिवाला बरं का वाटत नाही?

एकटाच किनाऱ्यावर गेलो. तीच वाळू, तीच नक्षी. चुकवून चाललो. गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिलो. दोन्ही हात रिकामे, त्यांचं काय करायचं सुचेना. शेवटी पाठीमागे बांधून उभा राहिलो, दुकानात गिऱ्हाईक नसताना उभा राहतो तसा.

लोटन आबा खुर्चीतून बघत होते. परत आलो तेव्हा म्हणाले, "आज बहीन नही उनी?"

"नाही आली."

 मी बराच वेळ त्यांच्या शेजारी बसून राहिलो. मला वाटत होतं या पावसाने तिला धरून ठेवलं. आता वाटतं की ती निघाली होती आणि जाता जाता एकेकाला भेटून घेत होती. पावसाला, पाण्याला, त्या खेकड्यांना. मलाही. एवढ्या वर्षांत ती मला इतकी कधी भेटली नव्हती. आणि थांब म्हटल्यावर भेटणंच थांबलं.

खोलीत आलो तर ती माझ्या सदऱ्याचं बटण लावत होती. दोरा दाताने तोडायला तोंडाशी नेला आणि माझ्याकडे बघून हसली. मला ते हसू बघवेना.

३ जून, जहाजात, आणि नंतर पोर्ट ब्लेअर

जहाज सुटलं. पाटील मंडळी पुढच्या रांगेत. लाटा अजून होत्याच, माझं सुरू झालं. राजकुंवर एका हाताने पिशवी धरून, दुसऱ्या हाताने माझी पाठ चोळत होती.

जरा थांबल्यावर म्हटलं, "राज, तू जा."

तिला वाटलं मला पाणी हवंय. उठायला लागली. "कुठे जाऊ? वर मिळेल का पाणी?"

"पाणी नको. महासतीजींकडे जा. माझी आज्ञा आहे."

तोंड पुसायच्या आधीच बोललो. बोलायची ही जागा नव्हती, पण बंदर येईपर्यंत धीर राहिला नसता.

ती उभीच राहिली. मग खाली बसली. मला वाटलं हसेल, किमान हात जोडेल. ती रडायला लागली. डोळे पुसत रडणं नाही, मोठ्याने, लहान मुलीसारखं हुंदके देत. दिवाळीपासून आजवर घरात सगळे रडले, ही एकटी रडली नव्हती. लोक वळून बघायला लागले. जहाजाच्या माणसाला वाटलं हिलाही जहाज लागलं, तो धावत आणखी एक पिशवी घेऊन आला. तिने ती घेतली, त्याला "थँक्यू" म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

यशोदाबाई उठून आल्या. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. काही न विचारता तिच्या शेजारी जागा करून बसल्या आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं.

पोर्ट ब्लेअरला उतरलो तेव्हा पाऊस होता. राजकुंवरने छत्री उघडली नाही. मीही नाही. टॅक्सीपर्यंत भिजत गेलो.

७ जून, जळगाव

रोनक बोलत नाही. काल एकदाच बोलला, "पप्पा, तुम्हाला पाठवलं कशाला होतं?" त्याला काय सांगू?

ऊन तसंच आहे. स्थानकात दोघं जोडीने गेलो. महासतीजींसमोर मी पुन्हा म्हणालो, या वेळी नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चातुर्मासानंतर, माघ महिन्यात दीक्षा ठरली.

१६ नोव्हेंबर

राजकुंवर मला वरण शिकवतेय. हर्षिता आहे, तरी म्हणते, "आलं पाहिजे तुम्हाला." आयुष्यभर तूर विकली, शिजवली आज पहिल्यांदा. शिट्टीचा हिशेब चुकला, पिठलं झालं. ती खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. रोनक आवाज ऐकून आत आला, उभा राहिला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आईच्या शेजारी जेवायला बसला. ते पिठलं त्याने संपवलं.

२९ जानेवारी

दीक्षा झाली.

मंडप, गर्दी, नरडाण्याहून यशोदाबाई आणि लोटन आबा आले होते, सावद्याचं सगळं माहेर. केस काढले, पांढरी वस्त्रं आली, तोंडावर मुहपत्तीची पट्टी आली. नवं नाव मिळालं. ते इथे लिहिणार होतो, पण हाताला अजून वळण नाही.

यापुढे तिला महासतीजी म्हणायचं, वाकून वंदन करायचं, हे मी महिनाभर मनाशी घोकलं होतं. रोनकने छान केलं. त्याने वंदन केलं तेव्हा त्याचा आवाज हलला नाही. माझी पाळी स्थानकाच्या दारात येणार होती, साध्वी तिथून बाहेर पडताना. मी पायऱ्यांच्या खाली उभा होतो. दोन्ही बाजूंना माणसं.

तिच्या गुरुणीजी झालेल्या महासतीजी आधी उतरल्या. त्यांच्या मागे ती. अनवाणी, नजर खाली, पण ओघा, हातातला लोकरीचा कुंचा, सावरताना क्षणभर नजर बाजूला झाली. तिथली तिसरी पायरी हलती आहे.

"अगं, पायरी!"

तोंडातून गेलंच. सगळा जमाव माझ्याकडे बघायला लागला. माझा हात पुढे गेला होता, तो अर्ध्यावर आवरला, तसाच हवेत राहिला. कोणीतरी मागून हसलं. गुरुणीजी वळल्या, पण रागावल्या नाहीत.

ती थांबली. खाली बघितलं, पायरी बघितली, पाय नीट टेकवला, आणि उतरली. माझ्यासमोर आली तेव्हा मला घोकलेलं काही आठवेना. मी नुसता वाकलो.

आशीर्वादाला हात उंचावून ती म्हणाली, "दया पाळो." सगळ्यांना म्हणाली तसंच. आवाज तोच होता.

मग ती पुढे गेली. मी सगळ्यांना सांगत राहिलो की पायरी खरंच हलती आहे, हात लावून बघा. दोघाचौघांनी बघितलीही. उद्या सकाळी मिस्त्री पाठवतो.